मोटारीची हमी आणि बाहेरचा सुटा भाग

नव्या मोटारीबरोबर किल्ली मिळते, नोंदणीचे कागद मिळतात आणि एक छोटेखानी पुस्तिकाही मिळते. किल्ली आपण जपतो, कागद कपाटात ठेवतो. पुस्तिका मात्र गाडीच्या कप्प्यात न उघडलेली पडून राहते. त्या पुस्तिकेत कंपनीने आपल्याला दिलेली हमी छापलेली असते. अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, ह्यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, मालातील किंवा घडणीतील दोषामुळे गाडी बिघडली तर ती आम्ही विनामूल्य दुरुस्त करून देऊ, असे ते वचन असते. ह्या वचनाचे मोल आपण गाडीच्या किमतीतच चुकते केलेले असते. तेव्हा हमी म्हणजे कंपनीने केलेला उपकार नव्हे. ती सौद्याचाच एक भाग आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

आजचा प्रश्न ह्या हमीविषयीचा आहे. गाडी कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेबाहेर दुरुस्त केली, किंवा तिला दुसऱ्या एखाद्या कारखान्याने बनविलेला सुटा भाग बसविला, तर ही हमी संपुष्टात येते काय? ‘बाहेरच्या माणसाने हात लावला ना, मग हमी गेली’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते आणि ते ऐकून पुष्कळ लोक मुकाट्याने खिशात हात घालतात. त्यांना सांगायचे ते थोडक्यात असे : तेवढ्यावरून हमी संपत नाही. बाहेरच्या भागामुळे किंवा बाहेरच्या कामामुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येते. बाकीची हमी जशीच्या तशी उभी राहते. मात्र हा हक्क बजावायचा तर हाती कागद असावा लागतो. ह्या दोन्ही गोष्टींचा आता क्रमाने विचार करू.

पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांत हा प्रश्न अधिकच टोचणारा आहे. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी ही पेडण्याची किनारपट्टी. खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजते आणि बॅटरीच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर चढतो. डिचोलीच्या बाजूला खनिजाची तांबडी धूळ. तिथल्या खाणी २०१२ साली बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ साली डिचोलीच्या खाणीवर पुन्हा काम सुरू झाले. खनिजाचे टिप्पर ज्या रस्त्याने धावतात, त्या रस्त्यावरच्या गाडीचा एअर फिल्टर लवकर तुंबतो. त्यातच आपल्याकडचा पाऊस. चिखल आणि वाळू ब्रेकच्या पॅडांमध्ये शिरून ते झिजवितात. म्हणजे पुस्तिकेतल्या वेळापत्रकाआधीच हे भाग बदलण्याची पाळी येथे येते.

दुसरी अडचण अंतराची. अधिकृत कार्यशाळा बहुतेक म्हापसा, पर्वरी, पणजी ह्या बाजूला. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली आणि पेडण्यातल्या अनेक घरांचे पोट टॅक्सीवर चालू लागले. अशा टॅक्सीवाल्याला ब्रेकच्या पॅडांसाठी म्हापशास जाऊन बसणे म्हणजे एका दिवसाच्या भाड्यांवर पाणी सोडणे. गावातला मेकॅनिक तेच काम तासाभरात करून देतो. तेव्हा बाहेरचा भाग वापरण्यात दर वेळी केवळ पैशाचा लोभ असतो असे नाही. पुष्कळदा ती चरितार्थाची निकड असते.

कंपन्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. मोटार हे जोखमीचे यंत्र आहे. हलक्या प्रतीचा ब्रेक पॅड ऐनवेळी दगा देईल, चुकीचे तेल इंजिन खाऊन टाकील आणि दोष मात्र कंपनीच्या माथी येईल, ही त्यांची भीती निराधार नाही. परंतु ह्या भीतीतून जो नियम काढला जातो, तो मात्र गैर आहे. एका बाहेरच्या भागासाठी सगळी हमीच रद्द करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. शिवाय एक गोष्ट विसरता कामा नये. कंपनी आपली मोटार सर्वस्वी आपल्याच कारखान्यात घडवीत नाही. टायर एकाचे, बॅटरी दुसऱ्याची, स्पार्क प्लग तिसऱ्याचे, काचा चौथ्याच्या, असे ते एकत्र जुळविलेले यंत्र असते. टायर आणि बॅटरी ह्यांची हमी त्या त्या कारखान्याकडे मागावी, असे पुष्कळ पुस्तिकांतच लिहिलेले असते. ज्या कारखान्याने कंपनीला भाग पुरविला, त्याच कारखान्याचा तोच भाग साध्या खोक्यातून बाजारात आला तर तो केवळ खोके निराळे म्हणून अपात्र कसा ठरावा?

नेमका हाच प्रश्न आपल्या देशात एका मोठ्या खटल्यात उभा राहिला. २०११ च्या जानेवारीत शमशेर कटारिया ह्यांनी भारतीय स्पर्धा आयोगापुढे तक्रार मांडली. होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट ह्या तीन कंपन्या आपल्या गाड्यांचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि दुरुस्तीस लागणारी माहिती व तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी सुरू झाल्यावर हीच रीत इतर कंपन्यांतही आढळली आणि चौकशीचे क्षेत्र वाढले. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि त्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या चौदांत मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्र, टोयोटा, फोर्ड, स्कोडा अशी आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारी नावे होती.

आयोगाची विचारसरणी समजून घेण्याजोगी आहे. गाडी घेण्यापूर्वी गिऱ्हाइकापुढे दहा दुकाने उघडी असतात. तेव्हा तो राजा असतो. गाडी घेतली की तो एका कंपनीशी बांधला जातो. एका बनावटीचा दरवाजा किंवा गिअरबॉक्स दुसऱ्या बनावटीच्या गाडीला बसत नाही आणि भाग महाग पडतात म्हणून कोणी गाडी विकून टाकीत नाही. तेव्हा स्वतःच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी ही एकटीच सावकार असते. अशा स्थितीत भागही आमच्याकडूनच घ्या, दुरुस्तीही आमच्याकडेच करा आणि बाहेर गेलात तर हमी गमवा, असे म्हणणे हा त्या एकाधिकाराचा दुरुपयोग आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

म्हणून आयोगाने कंपन्यांना काही निर्देश दिले. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना मिळावीत. भाग बनविणाऱ्या कारखान्यांना ते खुल्या बाजारात विकू द्यावेत. आणि गिऱ्हाइकाने स्वतंत्र गॅरेजची सेवा घेतली तर हमी रद्द होईल अशी सरसकट अट घालू नये. सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य ती खबरदारी कंपनीने जरूर घ्यावी. परंतु बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थितीवरून तसे स्पष्ट दिसत असेल तरच, हमी नाकारावी, असा त्या निर्देशाचा आशय आहे. आपल्या प्रश्नाचे सार ह्या एका निर्देशात आले आहे.

कंपन्या अर्थातच स्वस्थ बसल्या नाहीत. वाद अपिलात गेला. ९ डिसेंबर २०१६ रोजी स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान ह्यांच्या बाबतीत आयोगाचे मुख्य निष्कर्ष मान्य केले आणि दंड मात्र सगळ्या उलाढालीवर न मोजता सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजावा असे ठरविले. इतर काही कंपन्यांनी स्पर्धा कायद्यालाच आव्हान दिले. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या एप्रिलमध्ये निकाल देऊन कायद्याची बहुतेक कलमे वैध ठरविली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, आयोगाच्या आदेशाचा कागद कार्यशाळेत दाखविला म्हणजे सगळे प्रश्न तत्क्षणी मिटतील, असे कोणी समजू नये. त्या आदेशातले तत्त्व मात्र भक्कम आहे आणि ते केवळ आपल्या देशापुरते नाही. अमेरिकेत १९७५ साली हमीविषयक कायदा झाला. अमुक नावाचाच भाग वापरला पाहिजे अशी अट, तो भाग फुकट दिल्याखेरीज किंवा सरकारी यंत्रणेची खास परवानगी घेतल्याखेरीज, हमीला जोडता येत नाही, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या विषयावर समिती नेमली आणि तिच्या विचारक्षेत्रात मोटारींचा समावेश केला.

आता तत्त्व व्यवहारात कसे लावावे ते पाहू. कसोटी एकच आहे : बसविलेल्या भागाचा आणि झालेल्या बिघाडाचा कार्यकारणसंबंध आहे काय?

समजा, पेडण्यातल्या एका टॅक्सीवाल्याने गावातल्या गॅरेजात बाहेरचे ब्रेक पॅड बसविले आणि दोन महिन्यांनी गाडीचे वातानुकूलन बंद पडले. पॅड चाकांशी आणि कॉम्प्रेसर इंजिनाशी जोडलेला. ह्या दोहोंचा काही संबंध नाही. येथे हमी नाकारणे हे उघड उघड अन्यायाचे आहे. आता समजा, त्याच पॅडांनी ब्रेकची तबकडी खरवडून काढली. येथे संबंध सरळ आहे. तबकडीचा खर्च कंपनीने सोसावा असे म्हणता येणार नाही. तथापि त्याच गाडीच्या गिअरबॉक्सवरची हमी त्यामुळे जात नाही.

डिचोलीचे उदाहरण घ्या. तांबड्या धुळीने तुंबलेला एअर फिल्टर बदलून एकाने बाजारातला दुसरा बसविला. तो नीट बसणारा आणि योग्य प्रतीचा असेल तर इंजिनाला काही धोका नाही. पण त्याची कड सैल असेल, तर धूळ गाळली न जाता थेट सिलिंडरात जाते, पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि इंजिन तेल खाऊ लागते. अशा वेळी कंपनीने इंजिन उघडून धुळीच्या खुणा दाखविल्या, तर तिचे म्हणणे खरे ठरेल. पण त्या दाखविण्याचे काम तिचे आहे. नुसते ‘फिल्टर आमचा नाही’ एवढे म्हणणे म्हणजे पुरावा नव्हे. तेलाचेही असेच आहे. तेल कोणत्या कंपनीचे हे महत्त्वाचे नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे आणि दाटपणाचे आहे की नाही, हे महत्त्वाचे.

येथे तीन गोष्टींत भेद केला पाहिजे. पहिली, दुसऱ्या नामांकित कारखान्याचा भाग. तो त्याच्या स्वतःच्या नावाने विकला जातो आणि त्याला स्वतःची हमी असते. दुसरी, नकली भाग. त्यावर मोटार कंपनीचे किंवा नामांकित कारखान्याचे खोटे नाव छापलेले असते; तो विकणे गुन्हा आहे आणि तो वापरणाऱ्याची बाजू लंगडी पडते, मग त्याने तो अजाणता का घेतला असेना. तिसरी, गाडीच्या मूळ रचनेतच फेरफार. तारा कापून जादा दिवे किंवा मोठा भोंगा बसविणे, ठरलेल्या मापाहून मोठे टायर घालणे, इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात ढवळाढवळ करणे, हे भाग बदलणे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यास मनाई केली आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ती ठामपणे सांगितली. कापलेल्या तारांपायी विजेची यंत्रणा जळाली, तर तिची हमी मागण्यात अर्थ नाही. आजच्या गाडीतली पुष्कळशी कामे विजेच्या तारांवर चालतात. त्यामुळे हौसेने बसविलेला एक दिवा कोठवर नुकसान करील ह्याचा नेम नसतो.

मग कोणी विचारील, टॅक्सीचा किंवा टिप्परचा मालक हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक आहे काय? तो तर धंदा करतो. ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरे. परंतु केवळ स्वयंरोजगाराने आपला चरितार्थ चालविण्यासाठी घेतलेली वस्तू ह्या वगळणुकीत येत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा मुद्दा उदाहरणांनी स्पष्ट केला. स्वतः चालविण्यासाठी रिक्षा किंवा मालमोटार घेणारा मनुष्य ग्राहकच होय. एकदोन माणसांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक नाहीसा होत नाही. तेव्हा स्वतः चाकामागे बसणारा पेडण्याचा टॅक्सीवाला आणि स्वतः टिप्पर हाकणारा डिचोलीचा मालक ह्या दोघांनाही ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. स्पर्धा आयोगाचा २०१४ चा आदेश प्रवासी मोटारींविषयी होता. टिप्परवाल्याने आपली मागणी ग्राहक कायद्याच्या आधारे मांडावी, हे श्रेयस्कर.

आता राहिला कागदाचा प्रश्न. आणि हक्क असूनही लोक हरतात ते बहुधा येथेच. गावातल्या गॅरेजमध्ये काम झाले की आपण ‘किती झाले?’ एवढेच विचारतो आणि पैसे देऊन निघतो. पावती घेतली पाहिजे. तिच्यावर तारीख, गाडीचा क्रमांक, किलोमीटरचा आकडा, बसविलेल्या भागाचे नाव आणि बनावट ही नोंद हवी. भागाचे खोके आणि त्यावरची चिठ्ठी फेकून देऊ नये. काढलेला जुना भागही, निदान हमीची मुदत असेतोवर, एखाद्या पिशवीत ठेवावा. विनामूल्य मिळणाऱ्या ठरावीक तपासण्या अधिकृत कार्यशाळेत वेळेवर करून घ्याव्यात. त्यात मजुरी लागत नाही आणि गाडीची निगा राखल्याचा पुरावा आपोआप तयार होतो. मुदतवाढीची हमी जादा पैसे भरून घेतली असेल, तर तिच्या अटी वेगळ्या असतात. त्या सही करण्यापूर्वी वाचाव्यात.

कार्यशाळेने हमी नाकारली तर वाद घालीत बसू नये. शांतपणे एकच मागणी करावी : नकार कारणासह लेखी द्या. कोणता भाग, कोणता बिघाड आणि एकाने दुसरा कसा घडविला, हे कागदावर मांडण्याची वेळ आली की पुष्कळ नकार आपोआप सौम्य होतात. लेखी देत नसतील, तर आपणच तारखेनिशी पत्र किंवा ई-मेल कंपनीकडे पाठवावे. गाडी तातडीने हवी म्हणून पैसे भरणे भागच पडले, तर ‘हमीचा हक्क राखून’ असे बिलावर लिहून सही करावी आणि काढलेला बिघडलेला भाग परत मागून घ्यावा. पुढे तोच बोलका साक्षीदार ठरतो.

एवढ्याने भागले नाही तर १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. तेथेही समेट झाला नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. कंपनीची कचेरी दिल्लीला असो की चेन्नईला, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे त्याला दाद मागता येते. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. शुल्क नाममात्र आहे : ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र अर्ज गेला पाहिजे. दोष नुसत्या पाहण्याने कळण्यासारखा नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठविण्याची तरतूद कायद्यात आहे. ‘तुमच्या फिल्टरमुळे इंजिन गेले’ आणि ‘इंजिन मुळातच सदोष होते’ ह्या दोन म्हणण्यांचा निवाडा अशा तपासणीने होऊ शकतो.

आणि बाहेरचा भागच खरोखर सदोष निघाला व त्याने इंजिन बिघडविले, तर? त्या वेळी मोटार कंपनीशी भांडू नये; तो भाग बनविणारा आणि विकणारा हे त्या नुकसानीचे धनी आहेत आणि त्यांच्याविरुद्धही ह्याच आयोगाकडे जाता येते. पण कोणाकडून घेतला हे सिद्ध करण्यास पुन्हा पावतीच लागते.

श्रोतेहो, ग्राहक चळवळीला महाराष्ट्रात १९७४-७५ च्या सुमारास पुण्यामुंबईच्या ग्राहक पंचायतींनी आकार दिला आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा मिळाला. कायदे झाले, आयोग झाले. तरी ‘हमी गेली’ ह्या दोन शब्दांनी आजही माणूस गप्प होतो, कारण समोरचा टापटिपीच्या कचेरीत बसलेला असतो आणि आपल्या हाती काही नसते. ते काही तरी हाती असावे, एवढ्यासाठीच हे सांगणे. आज गाडीच्या कप्प्यातली ती पुस्तिका बाहेर काढा, हमीचे पान वाचा आणि पुढल्या वेळी गावातल्या मेकॅनिककडे गाडी नेली की पैसे देण्यापूर्वी पावती मागा. चांगला मेकॅनिक त्याने रागावणार नाही. त्याच्या कामाचाही तोच पुरावा आहे.